आधी देणं, मग वाटणी

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या मालमत्तेचं काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च. मग त्याच्या डोक्यावरचं देणं. त्यात बायकोचा न दिलेला मेहर येतो, गड्याची थकलेली मजुरी येते, वाण्याची उधारीही येते. त्यानंतर वसीयत असेल तर ती, पण फार तर एक तृतीयांशापर्यंत. हे सगळं वजा जाऊन जे उरेल ते वारसांचं. कुणाला आठवा, कुणाला सहावा, भावाच्या निम्मा बहिणीला, हे हिस्से फारसं न शिकलेल्या माणसांनाही तोंडपाठ असतात. क्रम मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. वारस पहिल्या दिवसापासून हिस्से मोजत बसतात आणि ज्यांचं घेणं आहे ते ओट्यावर ताटकळतात.

मुंबईच्या गिरण्या मेल्या तेव्हा त्यांच्या जमिनीचं जे झालं, ते मला याच क्रमाच्या आधाराने नीट समजतं. गिरणगावाच्या जागी टॉवर, मॉल आणि काचेची ऑफिसं उभी राहिली. शहरं बदलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेलेल्या गिरणीची वाटणी उलट्या क्रमाने झाली, एवढंच माझं म्हणणं आहे. वारसांनी आधी उचललं, आणि ज्यांचं घेणं होतं त्यांना शेवटी उरल्यासुरल्यातून द्यायचं ठरलं. तेही अजून पुरतं दिलेलं नाही.

रत्नागिरीत बसून मुंबईच्या जमिनीबद्दल का लिहितेस, असं कुणी विचारेल. गिरणगावाचं दुसरं टोक आमच्या जिल्ह्यात आहे, म्हणून. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधीचा जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारं सगळ्यात मोठं आगर. नाचणी आणि भातावर वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एक-दोन माणसं मुंबईला जात. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, गावकीच्या किंवा जमातीच्या खोलीत वळकटी टाकायची, गाववाल्या जॉबरच्या ओळखीने गिरणीत लागायचं. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई. घरावरचे नळे, मुलीचं लग्न, म्हाताऱ्यांचं औषध, गावातल्या देवळाचा सभामंडप आणि मशिदीचा हौद यांतलं बरंचसं त्या पैशातून झालेलं आहे. गिरणीच्या जमिनीवर कामगाराचा हक्क आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्या कामगारामागे हे गावातलं घरही उभं असतं.

कोकणी मुसलमान म्हटलं की लोकांना बोटी, गोदी आणि पुढच्या काळातलं आखात आठवतं. गिरणीत गेलेले आमचे लोक फारसे कुणाच्या लेखी नसतात. आमचे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. त्या खात्यात उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर मोठ्या संख्येने असत. मदनपुऱ्याची वस्ती त्यांचीच. धाकटे आजोबा त्यांच्याकडून उर्दू शिकले आणि त्यांना मालवणीतल्या शिव्या शिकवल्या, असं ते स्वतःच सांगत.

गिरणी म्हणजे भाईचाऱ्याचं नंदनवन नव्हतं, हेही इथेच नोंदवून ठेवते. साचेखात्यात मजुरी जास्त होती आणि तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण सांगितलं जाई ते असं: धोट्यातला धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार. विटाळ मानण्यात त्या खात्यातले हिंदू होते तसे मुसलमानही होते. १९२०च्या दशकातल्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. बायका मुख्यतः वायंडिंग खात्यात असत आणि दशकामागून दशक त्यांची संख्या कमी होत गेली. गिरणीबाहेर, चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, खानावळ चालवणाऱ्या बाया वेगळ्याच. त्यांनी हजारो एकट्या पुरुषांना दोन वेळचं जेवण घातलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांसाठी. गिरणीच्या हजेरीपटावर या बायांचं नाव नव्हतं. म्हणून पुढे जमिनीच्या हिशेबातही ते कधी आलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कायद्याने मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार होते सामंतांबरोबर. त्यामुळे बोलणी कुणाशी करायची हाच वाद होऊन बसला. महिने गेले, वर्ष गेलं. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, काही अर्ध्या, काही नुसत्या नावाला. कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघू लागलं. धाकटे आजोबा संपाच्या पहिल्या पावसाळ्यात गावी आले ते भातलावणीला. लावणी आटोपली तरी भोंगा वाजल्याचं पत्र मुंबईहून आलं नाही. त्या वर्षी आमच्या तालुक्यात भरपूर पुरुष शेतावर दिसत होते, असं माझी आई सांगते. एरवी गणपतीत किंवा ईदलाच दिसणारी माणसं ऐन श्रावणात गडग्यावर बसलेली.

आता जमिनीकडे येऊ. दक्षिण-मध्य मुंबईत, भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत, ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हा हा भाग शहराच्या कडेला होता. शंभर-सव्वाशे वर्षांत शहर उत्तरेकडे पसरत गेलं आणि तीच जमीन शहराच्या मधोमध आली. जमिनीची किंमत कापडामुळे वाढलेली नव्हती. भोवती शहर वाढलं, रेल्वे आली, रस्ते झाले, आणि त्या भागात लाखो माणसं राहिली, म्हणून ती वाढली. ही वाढ एकट्या मालकाच्या कर्तबगारीची नाही, हे सरकारलाही मान्य होतं, असं १९९१ चा नियम वाचून वाटतं.

तो नियम म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन भाग करायचे, असं त्यात होतं. एक भाग महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक भाग म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक भाग मालकाला. मला हा नियम पहिल्यांदा वाचताना आपलीच वाटणी वाचते आहे असं वाटलं. हिस्से ठरलेले, घेणेकरी ठरलेले, आणि मालकाच्या मर्जीवर सोडलेला भाग एक तृतीयांश.

पण या वाटणीला मालक लवकर पुढे आले नाहीत. दोन भाग द्यायचे असतील तर विकायचंच कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. गिरण्या बंद आणि जमिनी पडून, अशी दहा वर्षं गेली. मध्ये १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा दिला. एकेक तुकडा वेगळा न बघता सगळ्या जमिनी मिळून एक वस्ती कशी होईल, कुठे रस्ता रुंद करायचा, कुठे मोकळं मैदान ठेवायचं, असं त्यात पाहिलं होतं. तो आराखडा कागदावर राहिला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हती, फक्त मोकळ्या जमिनीची होती. आणि मोकळी म्हणजे आधीपासून ज्यावर बांधकाम नाही तेवढीच. शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती मालकाची, तिथे त्याला नवं बांधकाम करायची मुभा.

हा बदल ऐकायला बारीक वाटतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा एक गिरणी बारा एकरांची आहे आणि दहा एकरांवर शेड, गोदामं, चिमणी, ऑफिस असं सगळं उभं आहे. १९९१ च्या नियमाने महापालिकेला चार एकर, म्हाडाला चार, मालकाला चार. २००१ च्या नियमाने वाटणी उरते दोन एकरांची. महापालिकेला दोन तृतीयांश एकर, म्हाडाला दोन तृतीयांश एकर, आणि मालकाकडे साडेदहा एकरांहून जास्त. गिरणी म्हणजे खाली पसरलेल्या शेडच असतात. तिथे मोकळी जागा किती असणार? एका शब्दाचा अर्थ बदलला आणि मैदानं गेली, घरंही गेली.

प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियमाचा जुना अर्थ उचलून धरला. शेड पाडून मोकळी होणारी जागाही वाटणीत आली पाहिजे, असं म्हटलं. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोवर जमिनींचे सौदे सुरू झालेच होते. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनींचा लिलाव केला. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली, दादरची कोहिनूर मिल ४२१ कोटींना, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. पाचही मिळून दोन हजार कोटींच्या वर. यातली मुंबई टेक्स्टाइलची जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत जवळजवळ चौपट, आणि मधल्या काळात त्या जमिनीतून कुणी एक वार कापडही काढलेलं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिरण्या पुन्हा चालू करणं नव्वदच्या दशकात कितपत शक्य होतं, याबद्दल मी भाबडी नाही. जुनी यंत्रं, जुनं कर्ज, शहराच्या मध्यात धूर आणि सांडपाणी, आणि यंत्रमागाच्या स्वस्त कापडाशी स्पर्धा. लिलावाच्या पैशातून काही कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली, काही सरकारी गिरण्यांना नवी यंत्रं मिळाली. आज लोअर परळच्या ऑफिसांत आणि मॉलमध्ये हजारो तरुण काम करतात, त्यांत आपल्या रत्नागिरीची मुलंमुलीही आहेत. माझा एक मामेभाऊ अशाच एका टॉवरमध्ये अकाउंट्स बघतो. त्याला तिथे नोकरी मिळाली याचा मला आनंदच आहे.

पण तो रोज त्या टॉवरमध्ये कसा पोचतो ते पाहा. जिथे पूर्वी पाळीचे कामगार चालत येत आणि चालत जात, तिथे आता विरार-कल्याणहून लोकलने येणारे लाखो लोक उतरतात. ऑफिसं वाढली, स्टेशनं आणि पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. या दोन घटनांची कारणं वेगवेगळी आहेत. पहिली मात्र मला थेट वाटणीशी जोडलेली दिसते. ज्या वस्तीची आखणी एकत्र झाली असती तर पूल, रस्ता आणि मोकळी जागा आधी आली असती, ती एकेका प्लॉटच्या हिशेबाने उभी राहिली. प्रत्येक कुंपणाच्या आत झाडं, कारंजं आणि संगमरवर आहे. कुंपणाबाहेरची जागा कुणाचीच नाही, म्हणून तिथे माणसं चिरडली गेली.

आता ज्यांचं घेणं होतं त्यांच्याकडे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जे कामावर होते, ते किंवा त्यांचे वारस म्हाडाच्या घराला पात्र, असं ठरलं. अर्ज मागवले तेव्हा दीड लाखाच्या आसपास आले, पुढे तो आकडा पावणेदोन लाखांच्या घरात गेला. २८ जून २०१२ ला पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची, किंमत साडेसात लाख रुपये. २०१६ मध्ये २,६३४ घरं आणि पनवेलजवळ कोनला २,४१७ घरं. १ मार्च २०२० ला ३,८९४ घरं. चारही मिळून १५,८७०. म्हणजे अकरा अर्जांमागे एक घर. संप झाला तेव्हा जो तीस वर्षांचा होता, तो २०२० मध्ये अडुसष्ट वर्षांचा झालेला. उरलेल्यांसाठी कर्जत लाइनवर शेलू आणि वांगणीची घरं पुढे केली गेली, आणि जमीन मुंबईत होती तर घर मुंबईतच हवं म्हणून कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. ९ जुलै २०२५ ला भर पावसाळ्यात आझाद मैदानावर म्हातारी माणसं आणि त्यांच्या विधवा जमल्या होत्या.

धाकटे आजोबा त्या वेळी नव्हते. अर्ज भरायची हाक आली त्याआधीच ते वारले होते. त्यांचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागद वाचणारी मीच. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं तिकीट नंबराचं कार्ड होतं, ईएसआयचं कार्ड होतं, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी होती. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, वर डांबराच्या गोळ्या. माणसाला आशा किती होती हे त्या गोळ्यांवरून कळत होतं.

मागे त्यांची बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. शरियतप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्या सातअष्टमांशात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, असे सात वाटे. म्हणजे हिशेब एकदम सरळ बसतो: आजीला एक आठवा, तिन्ही फुफींना एकेक आठवा, दोन्ही काकांना दोन-दोन आठवे. घर २२५ चौरस फुटांचं. एका आठव्या हिश्शाला आलं अठ्ठावीस चौरस फूट. एक खाट आणि चपला काढायला जागा. फुफी हसून म्हणाली, "माझ्या वाट्याला खाट तरी आली गो, तिथे निजायला मिळालं तर."

पण घर एकाच्याच नावावर होणार. बाकीच्यांनी ना-हरकत लिहून द्यायची. आजीच्या नावे अर्ज करावा असं मी सुचवलं. काका म्हणाले, ती किती दिवसांची, पुन्हा वारसनोंद करत बसावी लागेल, त्यापेक्षा थोरल्याच्या नावे करू. त्यांचं व्यवहाराच्या दृष्टीने चुकलं असं कुणी म्हणणार नाही. तिन्ही फुफींनी सह्या केल्या. मधली मात्र सही करण्याआधी स्टँपपेपर उलटसुलट करून म्हणाली, "माहेरी येण्याचा हक्क यात सोडलाय का, तेवढं बघ." मी पुन्हा सगळं वाचून दाखवलं. सोडला नव्हता. मग तिने सही केली. ते घर अजून लागलेलं नाही, आणि आजीही आता नाही.

हे मुद्दाम सांगते आहे. सरकारने आणि मालकांनी क्रम उलटा केला असं म्हणणं सोपं आहे. आमच्या समाजात हिश्शाचा कायदा चौदाशे वर्षांचा आहे, तरी कोकणात किती मुलींच्या हातात त्यांचा हिस्सा खरोखर पडतो? हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण चांगली आणि हिस्सा मागणारी भांडकुदळ, हे आमच्याकडेही आहे. खानावळीतल्या बाईचं नाव हजेरीपटावर नव्हतं म्हणून ती सुटली आणि फुफीचं नाव वारसांत असूनही ती सुटली. वाटणी घराची असो की शहराची, जो जवळ बसलेला असतो त्याच्या पानात आधी पडतं.

मग दुसऱ्या पद्धतीने होतं कुठे? होतं. याच गिरणगावात झालं. दादरला चैत्यभूमीजवळची इंदू मिल. साडेबारा एकरांच्या आसपास जागा, समुद्रासमोर. बिल्डरला ती किती कोटींना गेली असती कल्पना करा. आंबेडकरी जनतेने वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि ११ ऑक्टोबर २०१५ ला त्या जागी डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. ज्या गिरण्यांच्या साचेखात्यात त्यांच्या माणसांना शिरू देत नव्हते, त्यांतल्या एकीची अख्खी जमीन त्यांच्या नावाने राखली गेली. ही जमीन बाजारभावाने मोजायची नाही, असं लोकांनी ठरवलं आणि सरकारला ते ऐकावं लागलं. म्हणजे मोजण्याची दुसरी पद्धत अशक्य नसते.

परदेशातलं एक उदाहरण देते. जर्मनीत एसेन शहरात झोलफेराइन नावाची मोठी कोळसाखाण होती. ती १९८६ मध्ये बंद पडली. पाडून टाकण्याऐवजी तिथल्या राज्य सरकारने जागा आणि इमारती ताब्यात घेतल्या. आज तिथे संग्रहालय आहे, डिझाइनची शाळा आहे, ऑफिसं आहेत, लोक फिरायला जातात. २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. ज्या वर्षी आपल्याकडे मोकळ्या जमिनीचा अर्थ बदलला, त्याच वर्षी. कोळशाच्या खाणीची जमीन आणि लोअर परळची जमीन यांच्या किमतीत तुलना नाही, हे मान्य. क्रमाची तुलना मात्र करता येते. तिथे जमीन आधी सार्वजनिक हातात आली आणि मग तिचं काय करायचं ते ठरलं.

शेवटी आपल्या रत्नागिरीचं. झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइटचा तांबे प्रकल्प येणार होता, ते आंदोलन आमच्या लहानपणीचं. मच्छीमार, आंबेवाले, शहरातले लोक, हिंदू-मुसलमान सगळे त्यात होते. प्रकल्प इथून गेला आणि तमिळनाडूत थूथुकुडीला उभा राहिला. तिथे २२ मे २०१८ ला त्याच्या विरोधातल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ माणसं मारली गेली. आपल्यावरून ते टळलं, एवढं तरी रत्नागिरीकरांनी कधी विसरू नये. पण उद्योगाच्या नावाने घेतलेली जमीन म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. शहर चारी बाजूंनी वाढतं आहे. आज जिथे कारखान्याचं कुंपण आहे, गंजलेलं फाटक आहे, तिथे वीस वर्षांनी कुणीतरी आधुनिक नगर बांधायचा नकाशा घेऊन येणार. नकाशा देखणाच असेल. त्यात सायकलसाठी वाट असेल आणि झाडं हिरव्या रंगाने रंगवलेली असतील.

तेव्हा आपण झाडं मोजण्याआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. मुळात ही जमीन कुणाची होती आणि त्याला काय मिळालं? इथे काम कुणी केलं, कंत्राटी आणि बदली धरून, आणि त्यांची यादी कुणाकडे आहे? थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड चुकता झाला का? वाटणी किती जमिनीची, सगळ्या की फक्त मोकळ्या, आणि मोकळीचा अर्थ कोणत्या तारखेचा? सार्वजनिक जागा टॉवरच्या आधी हातात मिळणार की नंतर? घर नवरा-बायकोच्या जोडनावावर होणार का? हे प्रश्न भूमिपूजनाच्या मंडपात विचारून उपयोग नाही. आराखड्यावर हरकती मागवल्या जातात ते दिवस थोडे असतात, आणि त्या दिवसांत आपण बहुधा कुणाच्या तरी लग्नात असतो.

आणखी एक काम आजपासून करता येईल. ज्यांच्या घरात मुंबईच्या गिरणीचं किंवा इथल्या एखाद्या बंद कारखान्याचं तिकीट, कार्ड, पगाराची चिठ्ठी असेल, त्यांनी ती फेकू नये. फोटो काढून ठेवावा, नाव आणि खातं लिहून ठेवावं, खानावळ चालवणारी आजी असेल तर तिच्याकडे किती माणसं जेवत होती तेही. मालकाकडे सातबारा असतो, बिल्डरकडे करारनामा असतो. घेणेकऱ्याकडे बहुतेक वेळा डांबराच्या गोळ्या घातलेली एक पिशवी एवढंच असतं.